अंगणवाडी सेविकांना ‘पालकांशी बोलणं’ शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

साळुंकी

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं घेते. पुढच्या महिन्यात एका प्रकल्पातल्या सेविकांसाठी एक अख्खा दिवस मिळालाय आणि विषय दिलाय ‘पालक सहभाग’. आधीच्या प्रशिक्षणाची पीपीटी हातात आहे. सहा महिने निव्वळ स्तनपान, मग वरचा आहार, मेंदूची वाढ, बाळाशी बोला, गाणी म्हणा, मोबाईल देऊ नका. मजकुरात खोट काढायला जागा नाही. पण सेविकेने हे सगळं आईला सांगितलं की काम झालं, असंच त्यात धरून चाललेत. आई त्यावर काय म्हणेल, आणि ती म्हणाली की सेविकेने पुढे काय करायचं, यावर एकही स्लाइड नाही.

सेविकांना माहिती कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. तोंडी परीक्षा घेतली तर माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवतील. अडतं ते उंबऱ्यावर. मध्यंतरी एका सेविकेबरोबर गृहभेटीला गेले होते. सव्वा वर्षाचं पोर, आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. सेविका दारातूनच, “टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायचं आहाराचं पाकीट) खाऊ घालतीस का? अंडं देतीस का? हात धुतीस ना?” आईचं प्रत्येकाला “हो बाई”. तेवढ्यात पोराने परातीतलं पीठ चिमटीत धरून आईच्या तोंडाजवळ नेलं आणि ‘आ’ केलं. आईने भाकरी न थांबवता ‘आ’ केलं, खाल्ल्यासारखं केलं, पोरगं खिदळलं, परत चिमूट. असं चार-पाचदा चाललं. ‘बाळाशी संवाद साधा’ म्हणून आम्ही जे ओरडतो ते समोर घडत होतं. सेविकेने रजिस्टरमधून मान वर काढली नाही. “समुपदेशन केले” असं लिहिलं आणि आम्ही निघालो.

तर सेविका, मुख्यसेविका (म्हणजे सेविकांच्या पर्यवेक्षिका), बालवाडीच्या बाई किंवा नुसते आईबाप, जे कोणी असाल ते सांगा. एका दिवसात काय करून घ्यावं? आणि काय अजिबात करू नये?

वऱ्हाडातली_बाई

मी मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. काय करू नये ते आधी सांगते. जेवणानंतर पीपीटी लावू नका, बाया झोपतात. मी पण झोपत होते.

दुसरं. प्रशिक्षणाला अंगणवाडीतल्या मदतनिसांना बोलवा. कोणीच बोलवत नाही त्यांना. मेळघाटात माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, कितीतरी ठिकाणी सेविका मराठी बोलणारी आणि मदतनीस त्याच ढाण्यातली, म्हणजे आदिवासी वस्तीतली, कोरकू. लेकरू रडलं तर मदतनीस घेणार, आई घरी नसली तर ती कोणत्या वावरात आहे ते मदतनिसाले माहीत, सासू-सुनेचं भांडण झालं ते पण तिलेच माहीत. आणि आपण ‘पालक संवाद’ शिकवतो कोणाले, तर जिले आईची बोलीच येत नाही तिले.

नुसताच_बाबा

आम्ही पिंपरीत, मुलगा खासगी नर्सरीत. इथे सेविका नाहीत, ‘टीचर’ आहेत, पण प्रकार तोच. पालकसभा म्हणजे फी, गॅदरिंगचा ड्रेस आणि ‘घरी सराव घ्या’. गेटवर मुलाला घ्यायला मी जातो. टीचर माझ्याकडे बघून विचारतात, “मम्मी नाही आल्या?” दीड वर्ष मी रोज जातोय हो. तुमच्या दिवसात पाच मिनिटं बापांसाठीही ठेवा.

बीट_नंबर_चार

मी सेविका आहे, काम चालू आहे, म्हणून गाव सांगत नाही.

साळुंकीताई, तुम्ही त्या बाईबद्दल लिहिलं ते वाचून राग आला, मग वाटलं खरंच आहे. पण तिने मान वर का काढली नाही तेही लिहा ना. सकाळी हजेरीचे फोटो, वजन-उंची अ‍ॅपमध्ये, गृहभेट अ‍ॅपमध्ये, मधूनच मतदार यादीचं काम, २०२४ ला लाडक्या बहिणीचे अर्ज आम्हीच भरले. आता टीएचआर द्यायला आईचा चेहरा अ‍ॅपमध्ये जुळावा लागतो. उन्हात उभी असलेली बाई, डोक्यावर पदर, नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही. पाकीट मिळालं नाही की शिव्या मला. त्याच बाईच्या घरी मी दोन दिवसांनी ‘संवेदनशील पालकत्व’ सांगायला जाणार. ती ऐकेल का? डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो तेव्हा पेपरात फक्त मानधनाचं आलं, हे कामाचं ओझं कुठे आलं नाही.

एक चांगलं पण सांगते. ‘आरंभ’ या लहान मुलांच्या विकासाच्या कार्यक्रमाचे पालक मेळावे झाले त्यात मेंदूच्या जाळ्याचा खेळ होता, लोकरीचा गुंडा एकीकडून दुसरीकडे फेकायचा. बाया खूश. कारण तिथे त्यांना काही करायला होतं. भाषण असतं तर अर्ध्या उठून गेल्या असत्या.

शंकासुर

या सगळ्याने काही फरक पडतो याचा पुरावा आहे का? की ‘पालक सहभाग’ हे दर पाच वर्षांनी येणारं नवं फॅड आहे? मला वाटतं सेविकेने मुलांना नीट शिकवावं, आईबापांना शिकवायच्या भानगडीत पडू नये. तेवढा पगार तिला मिळत नाही.

जाईजुई

@शंकासुर, शेवटच्या वाक्याला अनुमोदन, बाकीच्याला नाही.

पुरावा आहे आणि तो जुना आहे. १९८६-८७ साली जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेऊन एक अभ्यास सुरू झाला. मुलांचं वय ९ ते २४ महिने. काही घरी समुदाय आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर जायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची, आई आणि मूल दोघांना घेऊन खेळायची. असं दोन वर्षं. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून पाहिलं तर ज्यांच्या घरी भेटी झाल्या त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. त्या कार्यकर्त्या पदवीधर वगैरे नव्हत्या, आपल्या सेविकांसारख्याच होत्या.

पण हे उदाहरण भाषणात वापरताना लोक अर्धंच सांगतात. तिथे भेट दर आठवड्याला होती, तासभराची होती आणि कार्यकर्तीच्या मागे देखरेख करणारं माणूस उभं होतं. आपल्याकडे दहा मिनिटांची भेट, तीही रजिस्टरसाठी, आणि मग विचारायचं की जमैकासारखा फरक का पडला नाही.

आणि फॅड म्हणाल तर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक ‘शिक्षणपत्रिका’ मासिकातून पालकांशीच बोलत होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघांनी काम सुरू केलं, गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच वस्तीवर, घरांच्या अंगणात घेऊन गेल्या. आईच्या डोळ्यांसमोर मूल शिकत होतं. म्हणजे आपल्याकडे सुरुवातच घरापासून झालीय. आपण नंतर खोली बांधली आणि पालकांना दाराबाहेर ठेवलं.

साळुंकी

बीट_नंबर_चार, तुमचा राग रास्त आहे. त्या सेविकेला दोष द्यायचा नव्हता. तिला तसंच करायला आम्हीच शिकवलंय, भेटीचा फॉर्म आम्हीच तसा केलाय. तुमचा चेहरा न जुळण्याचा प्रसंग मी जसाच्या तसा रोल प्लेला घेणार आहे, चालेल ना? चिडलेल्या आईसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं, एवढ्यावरच अर्धा तास.

शंकासुर, शून्य ते तीन वयाची मुलं अंगणवाडीत येऊन बसतच नाहीत, ती घरी असतात. २०२३ च्या मे महिन्यात अंगणवाड्यांसाठी ‘पोषण भी पढाई भी’ हा केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर या वयोगटासाठी ‘नवचेतना’ आराखडा आला. त्यातले खेळ मुलाबरोबर करणार कोण? आई, आजी, बाप. सेविकेचा मुलाशी संबंध येतो तो त्यांच्यामार्फत. तेव्हा ‘मुलांना नीट शिकवा, आईबापांच्या भानगडीत पडू नका’ हे तीन वर्षांच्या पुढच्यांना कदाचित लागू पडेल, खालच्यांना नाहीच.

मोगरा_नाशिक

मी शहरी प्रकल्पात होते. पालकसभेला बाया येत नाहीत म्हणून आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून घ्यायला लागलो. वाण म्हणून वाटी-चमचा, बाळाच्या आहारासाठी. तुडुंब गर्दी. करून बघा.

अबोली

मोगराताई, गर्दी होते खरी. पण विधवा आई येते का त्या गर्दीत? नवऱ्याने टाकलेली येते का? मुसलमान आई? जिच्या मुलाला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी बाहेर राहते, आणि आपण फोटो टाकतो ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’. अनुताई वाघ स्वतः बालविधवा होत्या. त्यांच्या नावाने पुरस्कार देऊन अंगणवाडीत कुंकू लावत बसायचं?

मोगरा_नाशिक

आम्ही सगळ्यांनाच बोलवत होतो, कुंकवाची सक्ती नव्हती.

अबोली

बोलावणं आणि येणं यात फरक आहे ताई. विधवा बाई स्वतःहून अंग चोरते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव करावा लागला तो उगाच नाही. तिळगूळ ठेवा, वाटी-चमचा ठेवा, गाणी ठेवा. हळदीकुंकू हे नाव आणि ती कुयरी तेवढी काढा. गर्दी तितकीच होईल.

मोगरा_नाशिक

हे मान्य. वाटी-चमच्याचीच गर्दी होती म्हणा ती.

लेस्टरवासी

विषयांतर वाटलं तर सोडून द्या. मी इंग्लंडमध्ये नर्सरीत काम करते. इथे प्रत्येक मुलाला एक ठरलेली ‘की पर्सन’ असणं बंधनकारक आहे आणि पालकांशी संबंध ठेवणं हा तिच्या कामाचाच भाग. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान मुलाच्या प्रगतीचा छोटा लेखी आढावा पालकांना द्यावा लागतो. हे सगळं ठीक, पण मला शिकवलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट फारच साधी आहे. संध्याकाळी मूल ताब्यात देताना त्या दिवसातलं त्याच मुलाचं एक वाक्य सांगायचं. “आज छान होता” हे चालत नाही. “आज त्याने सगळ्यांचे बूट जोडीने लावून ठेवले” हे चालतं. आई हसते, म्हणते घरी पण चपला लावतो, आणि गप्पा सुरू होतात. आणि हो, इथे दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस असतं, त्यामुळे मला बूट दिसतात. पंचवीस-तीस मुलांत एकटीला दिसतील की नाही, माहीत नाही.

बीट_नंबर_चार

पंचवीसमध्ये सगळ्यांचं नाही दिसत, पण दोघा-तिघांचं दिसतं. आज या दोघांचं, उद्या त्या दोघांचं. हे जमेल मला. सोमवारपासून करते.

कातरवेळ

मला एका सेविकेबद्दल सांगायचंय, कारण इथे सगळं कसं चुकतं तेच चाललंय.

माझा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलत नव्हता. घरात सगळे म्हणायचे, याचे बाबाही उशिरा बोलले. खासगी डॉक्टरांनी “होईल” म्हणून घालवलं. आमच्या वाडीतल्या सेविका आल्या, खाली बसल्या आणि त्याच्याबरोबर डबे एकात एक घालत बसल्या. बराच वेळ माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हात किती हुशार आहेत गं याचे.” मला रडू आलं, कारण त्याच्याबद्दल चांगलं कोणी बोलतच नव्हतं. मग विचारलं, “तुला काय वाटतं? तुझ्या मनात काही येतं का?” मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले की मला भीती वाटते, मागून हाक मारली तरी हा वळत नाही. त्यांनी कुठल्याही आजाराचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, “येत्या मंगळवारी आरोग्य तपासणीची गाडी अंगणवाडीत येतीये, आपण दोघी त्यांना हेच सांगू. मी असते तुझ्याबरोबर.” पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली, कानाचा दोष निघाला, यंत्र बसलं. आता बडबड ऐकवत नाही!

साळुंकी

कातरवेळ, तुमची परवानगी असेल तर हे मी वाचून दाखवणार आहे, आणि वाचताना दर वाक्याला थांबून सेविकांना विचारणार आहे की इथे तुम्ही काय म्हणाला असतात. त्या बाईंनी काय केलं बघा. आधी मुलाशी खेळल्या, मग जे दिसलं ते चांगलं बोलल्या, मग प्रश्न विचारला आणि आईची भीती आईच्या तोंडून येऊ दिली. नाव द्यायचं काम तपासणाऱ्यांवर सोडलं. आणि “मी असते” म्हणाल्या. आमच्या पीपीटीत याला ‘संदर्भसेवा’ म्हणतात आणि एका ओळीत संपवतात.

कातरवेळ

जरूर वाचा. फक्त वाडीचं नाव विचारू नका.

गोदाकाठचा

मी बीड जिल्ह्यातला. तुमच्या सगळ्या चर्चेत पालक म्हणजे आई. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात ती एप्रिलपर्यंत. काही लेकरं कोयत्याबरोबर फडात जातात, काही आजीकडे राहतात. मग सहा महिने ‘पालक’ कोण, तर साठीची आजी, जिला दोन नातवंडं, एक शेळी आणि गुडघेदुखी आहे. तिला “मोबाईल देऊ नका” सांगणाऱ्या बाईला ती म्हणते, “तू घे की मग येळभर.” काय चुकलं तिचं?

माझ्या आईनेच नातवंडं अशी सांभाळली. तिला ओव्या येतात, उखाणे येतात, चिंचोके-कवड्यांचे खेळ येतात. तिला कोणी विचारलंच नाही. मेळाव्यात तिला कोपऱ्यात खुर्ची देतात आणि बाई माइकवर गाणं शिकवतात, ‘हत्ती आला हत्ती आला’.

वऱ्हाडातली_बाई

गोदाकाठचा, शंभर टक्के. सभेची वेळ पण कोणाच्या सोयीने? सकाळी अकरा, सोयाबीन निंदायच्या दिवसात. कोण येईल? मग लिहायचं ‘पालक उदासीन’. आमच्या एका सेविकेने पिठाच्या गिरणीजवळ सभा घ्यायला सुरुवात केली. दळण होईपर्यंत बायांना थांबावंच लागते.

वाटसरू_के

एक अवघड मुद्दा मांडतो. सेविका गावातलीच असते, हे आपण नेहमी गुण म्हणून सांगतो. पण गावातली म्हणजे कुठल्यातरी भावकीतली, कुठल्यातरी जातीची, कुठल्यातरी गटाची. मी ज्या गावात काम केलं तिथल्या बाई सगळ्या घरी जायच्या, पण एका वस्तीवर मुलांना ‘बाहेर ये रे’ म्हणून रस्त्यावरूनच हाक मारायच्या. उंबरा ओलांडत नव्हत्या, पाणी घेत नव्हत्या. त्यांची गृहभेट रजिस्टरला पूर्ण. त्या वस्तीतल्या आया त्यांच्याशी मोजकंच बोलायच्या, आणि वरून शेरा ‘या वस्तीत सहभाग कमी’. कुठल्या प्रशिक्षणात हे बोललं जातं?

साळुंकी

बोललं जात नाही. मी स्वतः बोलायला कचरते, कारण सभागृहात दोन्ही बाजूच्या बाया शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि एका दिवसात विषय उघडून तसाच सोडणं बरं नाही. तरी एक गोष्ट करता येईल. प्रत्येकीने आपल्या गावाचा नकाशा काढायचा आणि स्वतःपुरती खूण करायची, मी कुठल्या घरात आत बसते, कुठे ओट्यावर, कुठे रस्त्यावरून. कागद कोणाला दाखवायचा नाही, माझ्याकडेही द्यायचा नाही.

वाटसरू_के

एवढं झालं तरी पुष्कळ.

नुसताच_बाबा

पालक म्हणून एक विचारू? तुम्ही सगळे खेळ-खेळ म्हणता. आमच्या गावाकडे माझ्या भावाने मुलीला अंगणवाडीतून काढून व्हॅनमधल्या इंग्लिश मीडियमला टाकलं. त्याचं म्हणणं, “तिथे नुसतं खेळवतात.” सेविकेने त्याला काय उत्तर द्यावं?

जाईजुई

उत्तर देऊ नये, काम द्यावं. मी हे पाहिलंय. मेळाव्यात बापांपुढे मिसळलेली कडधान्यं ठेवली आणि डोळे बांधून, बोटांनी मटकी आणि मूग वेगळे करायला सांगितले. पाच मिनिटं धडपडले. मग बाईंनी तीन वर्षांच्या मुलीला डोळे उघडे ठेवून तेच करायला दिलं आणि विचारलं, “आता सांगा, पेन्सिल धरायला बोटांत हेच लागतं का नाही?” भाषण शून्य. दोघे-तिघे तरी गप्प झाले. तुमचा भाऊ झाला असता की नाही, सांगता येत नाही. इंग्रजीची ओढ खेळाने मिटत नाही, तिला वेगळी कारणं आहेत, आणि ती सेविकेच्या हातात नाहीत.

साळुंकी

सगळं वाचून दिवसाची मांडणी बदललीय, थोडक्यात टाकते. सकाळी पीपीटी नाही. तिघींचे गट. एक सेविका, एक आई (किंवा आजी, गोदाकाठचा!), तिसरी नुसती बघणारी. बघणारीने बरं-वाईट सांगायचं नाही. सेविकेने किती प्रश्न विचारले, त्यातल्या कितींचं उत्तर ‘हो बाई’ आलं, आणि आई बोलायला लागल्यावर सेविका किती वेळ गप्प राहिली, एवढंच टिपायचं. मग अदलाबदल. प्रसंग तुमच्याचकडून उचललेत: चेहरा न जुळलेली आई, उशिरा बोलणारं मूल, “तू घे की मग” म्हणणारी आजी, गेटवरचे बाबा. दुपारी जेवणानंतर नकाशा, म्हणजे कोणी झोपणार नाही.

आणि मुख्य म्हणजे एक दिवस पुरणार नाही हे मी वर कळवलंय. मुख्यसेविकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, ती प्रत्येकीबरोबर घरोघरी फिरू शकत नाही. तेव्हा मासिक बीट बैठकीत अहवाल गोळा करून झाले की वीस मिनिटं राखून ठेवायची, दोघींनी त्या महिन्यातली एक फसलेली भेट करून दाखवायची, बाकीच्यांनी सुचवायचं. सहा महिने तरी. अधिकारी मॅडम ‘बघू’ म्हणाल्यात.

बीट_नंबर_चार

फसलेली भेट मुख्यसेविकेसमोर कोण दाखवणार हो? उद्या तेच नोटीस होऊन येईल.

साळुंकी

हा मुद्दा सुटलाच होता. मग पहिल्या दोन महिन्यांत मुख्यसेविकांनी स्वतःच्या भेटी करून दाखवायच्या. त्या तयार झाल्या तरच पुढे जायचं.

वऱ्हाडातली_बाई

तयार होतील. पहिलीले जड जाईल, दुसरी आपोआप उठेल. आणि मदतनिसांचं विसरू नका. पण त्यांना बोलवायचं तर प्रवासभत्त्याचं आधी लेखी घ्या, नाही तर बिचाऱ्या खिशातून तिकीट काढून येतील, आणि पुढच्या वेळी येणार नाहीत.